महिनाभराच्या कादंबरीसाठी पासष्ट तासांची उसनवारी

नोकरी करता करता महिनाभरात कादंबरीचा कच्चा खर्डा पुरा करायचा, असे मनात आणणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो वेळ कुठून काढायचा हा. त्यावर मिळणारे सल्ले ठरलेले असतात. पहाटे उठा, मोबाइल दूर ठेवा, मालिका बघणे सोडा. हे सल्ले खोटे नाहीत, पण त्यांच्यामागे एक समजूत दडलेली आहे. आपल्या दिवसात कुठेतरी बिनमालकीचा वेळ पडून आहे आणि आळसामुळे तो आपल्याला दिसत नाही, ही ती समजूत. बदलापूरहून फोर्टात कामाला जाणारा कारकून, हिंजवडीच्या वाहतुकीत रोज अडकणारी अभियंता, बोर्डाचे पेपर घरी आणून तपासणारा शिक्षक यांच्या दिवसात असा वेळ फारसा नसतोच. त्यांचा जवळजवळ प्रत्येक तास कुणाच्या तरी नावावर चढलेला आहे. कार्यालयाच्या, मुलांच्या, म्हाताऱ्या आईवडिलांच्या, स्वतःच्या झोपेच्या. कादंबरीसाठीचा वेळ त्यांच्याकडून उसना घ्यावा लागतो, आणि उसना घ्यायचा तर किती, कुणाकडून आणि परत कधी करणार, हे आधी बोलावे लागते. महिनाभराच्या मुदतीचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. 'मी कादंबरी लिहिणार आहे, मला वेळ द्या' या मागणीला घरात सहसा कुणी मान डोलावत नाही. 'पुढचे तीस दिवस रात्रीचा स्वयंपाक तू बघ, त्यानंतरचा महिनाभर मी बघेन' या मागणीवर निदान वाटाघाट तरी होते.

महिन्यात कादंबरी हे आव्हान रूढ झाले ते अमेरिकेत. जुलै १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी आणि त्याचे मित्र अशा एकवीस जणांनी हा घाट घातला. पुढच्या वर्षी उपक्रम नोव्हेंबरात नेला, कारण तिकडची त्या महिन्यातली हवा घराबाहेर पडावेसे वाटू न देणारी. तीस दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे दिवसाला १,६६७, हा त्याचा मुख्य नियम. 'नॅनोरायमो' या नावाने पुढे काही लाख लोकांपर्यंत तो पोहोचला. तो चालवणारी संस्था वादांत आणि पैशाच्या चणचणीत सापडली आणि मार्च २०२५ मध्ये तिने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे आव्हानाचे काही अडले नाही. त्यात ना परीक्षक होते, ना बक्षिसाची रक्कम. शब्द मोजायचे ते आपले आपणच. तेव्हा कुठे नाव नोंदवायचे याची चिंता सोडून हिशेबाला लागलेले बरे.

आकडा आपल्या भाषेच्या मापाने ठरवावा. ५०,००० हा इंग्रजीतला आकडा आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे इंग्रजीत चार-पाच शब्दांत मावणारी गोष्ट आपल्याकडे दोन-तीन शब्दांत सांगून होते. तेवढ्याच जाडीच्या पुस्तकाला मराठीत साधारण ४०,००० शब्द पुरावेत असे धरून चालायला हरकत नाही. आता नव्या मजकुराचा वेग तासाला ६०० शब्द धरू. हाताने लिहा किंवा टंकलेखन करा, विचार करत लिहिणाऱ्याला हा वेग झेपण्यासारखा आहे. महिन्यात बावीस कामाचे दिवस आणि आठ सुट्ट्या. कामाच्या दिवशी दीड तास बसलात तर तेहतीस तास होतात, सुट्टीच्या दिवशी चार तास बसलात तर बत्तीस. एकूण पासष्ट तास, म्हणजे एकोणचाळीस हजार शब्द. एवढीच ही उसनवारी. कागदावर मांडली की तिचा धाक बराच कमी होतो आणि तिच्यातली खरी अडचणही दिसते. अडचण पासष्ट तासांची नाही. ते तास रोज त्याच वेळी, न तुटता, दुसऱ्या कुणाच्या तोंडचे काढून न घेता मिळायला हवेत, ही आहे.

झटपट कादंबरी लिहिल्याची उदाहरणे आपण नेहमी लेखकाच्या जिद्दीची म्हणून वाचतो. तीच उदाहरणे त्या लेखकाचे काम तेवढ्या दिवसांत कोण करत होते, या नजरेने वाचून पाहावीत. काझुओ इशिगुरो याने 'द रिमेन्स ऑफ द डे'चा गाभा १९८७ च्या उन्हाळ्यात चार आठवड्यांत लिहून काढला. सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते रात्री साडेदहा लेखन. पत्रे बघायची नाहीत, फोन घ्यायचा नाही, घरी पाहुणा येऊ द्यायचा नाही. ही योजना त्याने पत्नी लॉर्नाबरोबर बसून आखली होती, आणि तेवढ्या दिवसांचा त्याच्या वाट्याचा स्वयंपाक आणि घरकाम तिने, स्वतःची कामे सांभाळून, अंगावर घेतले होते. दस्तयेवस्कीने 'जुगारी' ऑक्टोबर १८६६ मध्ये सव्वीस दिवसांत पुरी केली. १ नोव्हेंबरपर्यंत कादंबरी दिली नाही तर त्याच्या लेखनाचे हक्क नऊ वर्षे प्रकाशकाच्या घशात जाणार होते. तो दुपारी मजकूर सांगायचा, आणि वीस वर्षांची लघुलेखिका ॲना स्नित्किना तो उतरवून घ्यायची, घरी नेऊन त्याची स्वच्छ प्रत करायची, दुसऱ्या दिवशी ती घेऊन हजर व्हायची. पुढच्या वर्षी दोघांचे लग्न झाले.

नोकरदार लेखकांत सर्वांत शिस्तीचा म्हणून ॲन्थनी ट्रॉलपचे नाव घेतात. ब्रिटिश टपाल खात्यात तो १८३४ पासून १८६७ पर्यंत होता आणि त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला टेबलापाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे, पाव तासाला २५० शब्द पडलेच पाहिजेत असा त्याचा नेम. मात्र त्याला रोज उठवून कॉफी आणून देणारा एक म्हातारा नोकर होता. त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत, आणि आपल्या यशाचे श्रेय इतर कुणाहीपेक्षा त्याला जास्त द्यावे लागेल की काय, असे ट्रॉलपने आत्मचरित्रात लिहिले आहे. ट्रॉलपचा मोठेपणा मला या कबुलीत जास्त वाटतो. त्या नोकराची झोप तर आणखी आधी मोडत असणार. पाच पौंडांत ती विकत घेतलेली होती, आणि निदान तिचा हिशेब लिहिलेला होता. आपल्याकडे पहाटे उठून लिहिणाऱ्याचे कौतुक होते, त्याच्या आधी उठून चहा टाकणारीचा उल्लेख फार झाला तर अर्पणपत्रिकेत येतो.

म्हणून हा सल्ला पुरुषाला आणि बाईला एकाच शब्दांत देता येत नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. फरक जवळजवळ तीन तास वीस मिनिटांचा. या सरासरीत नोकरी न करणाऱ्या स्त्रियाही येतात, हे खरे. तरीही नोकरी करणाऱ्या बाईची घरातली पाळी संपलेली नसते, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. कादंबरीला लागणारा दीड तास या फरकाच्या निम्म्याहूनही कमी आहे. तेव्हा नोकरदार बाईला 'वेळेचे नियोजन करा' असे सांगणे म्हणजे आधीच पिळून निघालेल्या दिवसाला आणखी एक पीळ देणे. तिने नियोजनाआधी वाटप करायला हवे. महिनाभर पोळ्यांना बाई लावायची की संध्याकाळचा डबा बाहेरून आणायचा, मुलांचा गृहपाठ कोण घेईल, गॅसचा नंबर लावणे, वाणसामान, औषधांच्या वेळा, शाळेच्या ग्रुपवरचे निरोप कोण बघेल, हे नावानिशी ठरवून घ्यावे. कामाइतकेच ते काम लक्षात ठेवण्याचे ओझेही हस्तांतरित झाले पाहिजे. 'तू सांग, मी करतो' या मदतीत तास वाचत असेल, डोके मोकळे होत नाही, आणि कादंबरीला मोकळे डोके आधी लागते. पुरुष लेखकाने हाच कागद उलट बाजूने भरावा. आपण लिहीत असताना कुणाचा दिवस लांबतो आहे, ते लिहून काढावे आणि परतफेडीची तारीख घालावी. ज्यांना घरकामाला माणूस ठेवणे परवडते त्यांनी महिन्याचा तो खर्च लेखनाचा खर्च म्हणून बिनदिक्कत करावा.

महिना कोणता निवडायचा, हा त्यानंतरचा मोठा प्रश्न. अमेरिकेत नोव्हेंबर घेतला तो कुंद हवेमुळे. आपण तो डोळे मिटून उचलण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात त्या महिन्याची हवा सुखाची असते आणि दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरच्या ऐन मध्यावर. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. साफसफाई, फराळ, पाहुणे आणि पाठोपाठ तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई, यांत पासष्ट तास कुणीही उसने देणार नाही, आणि मागूही नयेत. ज्या महिन्यात घराला तुमची गरज सर्वांत कमी, तो महिना लेखनाचा. पंचांग उघडून पाहिले तर दोन महिने बरे दिसतात. पौषात लग्नकार्ये करत नाहीत. संक्रांत आणि तिची हळदीकुंकवे सोडली तर संध्याकाळी बऱ्याच मोकळ्या मिळतात. दुसरा आषाढ. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, मुहूर्त थांबतात, श्रावणातली व्रते आणि गणपतीची गडबड अजून दूर असते, आणि पाऊस आपल्याला आपोआप घरात बसवतो. मुंबईत त्या दिवसांत लोकल रखडतात हा त्यातला तोटा. पंचांगाबरोबर कार्यालयाचे कॅलेंडरही बघावे लागते. बँकेत किंवा लेखा विभागात असाल तर मार्चअखेरच्या आसपास फिरकू नका, शिक्षक असाल तर परीक्षा आणि निकालाचे आठवडे सोडा, आयटीत असाल तर प्रकल्प हातावेगळा करायची तारीख कधी आहे ते आधी पाहा. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते. ज्यांना रविवार सोडून सुटी नाही त्यांनी सुट्ट्यांचा आकडा आठाऐवजी चार धरावा आणि अर्जित रजेचे दोन-तीन दिवस या महिन्यात घालावेत, किंवा ४०,००० चा हट्ट सोडून ३०,००० वर यावे. आकडा कमी केल्याने कुणी तुरुंगात टाकत नाही.

उसने घ्यायचे तास कमी करण्याचा एक मार्ग मात्र संपूर्ण आपल्या हातात आहे. तासाला ६०० शब्द धरले तर पासष्ट तास लागतात. तोच वेग ९०० वर गेला तर चव्वेचाळीस तासांत काम होते. हा फरक बोटांच्या वेगाने पडत नाही. लिहिणाऱ्याचा बराच वेळ आता पुढे काय, हे ठरवण्यात जातो, आणि हे ठरवणे टेबलापाशीच झाले पाहिजे असे नाही. दस्तयेवस्की दुसऱ्या दिवशी काय सांगायचे त्याची तयारी रात्री करत असे. लघुलेखिका आली की सांगण्याचे काम उरायचे. ट्रॉलप आपल्या तीन तासांतला पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे वाचण्यात घालवायचा, म्हणजे कालचा सूर कानात घेऊन मग लिहायला लागायचा. आपल्याला रोजच्या दीड तासात अर्धा तास वाचनाला देणे परवडणार नाही. पण उठण्यापूर्वी उद्याच्या प्रसंगाच्या तीन ओळी टिपून ठेवता येतात. कोण, कुठे, आणि प्रसंग संपताना कुणाचे काय बिघडलेले असेल, एवढ्याच. महिना सुरू होण्याआधीचे पंधरा दिवस या तयारीला द्यावेत. मुख्य माणसे, त्यांची घरे, त्यांच्या आयुष्यातल्या वर्षांचा क्रम, आणि चाळीसेक प्रसंगांची कच्ची यादी. प्रत्येक प्रसंग हजार शब्दांचा धरला की कादंबरीची लांबी समोर दिसते. संशोधनही याच काळात उरकावे. इशिगुरोनेही ते आधी करून ठेवले होते. १९७४ च्या रेल्वे संपाच्या वेळी दादरला कोणती लोकल किती वाजता येत होती, हे शोधायला लिहिता लिहिता उठलात की तो दिवस गेला असे समजावे. तिथे कंस टाकून पुढे जायचे.

दीड तास दिवसात कुठे बसवायचा याचे उत्तर माणसागणिक बदलते, आणि पहाटेचे जे माहात्म्य सांगितले जाते ते मला थोडे फुगवलेले वाटते. पहाटेचा फायदा एवढाच की त्या वेळेला दुसरा मागणीदार नसतो. हाच फायदा रात्रीलाही आहे. विल्यम फॉकनरने 'ॲज आय ले डाइंग' १९२९ मध्ये जेमतेम सात आठवड्यांत लिहिली ती मिसिसिपी विद्यापीठाच्या वीजघरातल्या रात्रपाळीत, गाव झोपल्यावर भट्टीचे काम हलके होई त्या तासांत. त्याने पुढे सांगितलेल्या हकिकतीला थोडा मीठमसाला लागलेला असावा, पण रात्रपाळी खरी होती. वेळ कोणतीही घ्या, झोपेतून मात्र घेऊ नका. झोपेला सहा तासांच्या खाली ढकलून आठवडाभर शब्दसंख्या वाढते. मग कार्यालयात चुका होऊ लागतात, घरात आवाज चढतो, आणि तिसऱ्या आठवड्यात लेखनच बंद पडते. पहाटे पाचला उठायचे तर रात्री दहाला दिवा मालवायचा, आणि दहाला दिवा मालवायचा तर नऊनंतरची आपली कामे दुसऱ्या कुणाकडे गेली पाहिजेत. म्हणजे गोष्ट पुन्हा वाटपापाशीच येते.

प्रवासाच्या वेळेबद्दल भाबडे राहू नये. गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये वही उघडता येत नाही. चौथी सीट मिळाली तरी कोपर हलवायला जागा नसते. ट्रॉलप रेल्वेच्या डब्यात मांडीवर पाटी घेऊन लिहायचा हे खरे, पण त्याच्या डब्यात दारात लटकणारी माणसे नव्हती. आपल्या प्रवासाचा उपयोग प्रसंग मनात घोळवण्याला आणि उतरल्यावर फलाटाच्या टोकाला उभे राहून दोन मिनिटे फोनमध्ये बोलून ठेवण्याला जास्त होतो. मोबाइलमधले मराठी श्रुतलेखन आता कामापुरते चांगले चालते. विरामचिन्हे आणि बोलीतले उच्चार त्याला झेपत नाहीत, ते नंतर नीट करता येते. ज्यांना बसायला जागा मिळणारी लांबच्या पल्ल्याची बस किंवा कंपनीची गाडी आहे, ते नशीबवान; त्यांनी जाता-येता मिळून चारशे शब्द खुशाल धरावेत. दुचाकीवाल्यांनी रस्त्याकडे लक्ष द्यावे. दुपारच्या डब्याच्या सुटीतली वीस मिनिटे आठवड्यातून दोनदा घेतली तर चालतील. रोज घेतलीत तर सहकाऱ्यांशी बोलणे तुटते, आणि कादंबरी लिहिणाऱ्याला माणसांच्या बोलण्याची गरज असते. कार्यालयाच्या वेळेत आणि कार्यालयाच्या संगणकावर लिहू नये, हेही सांगून ठेवतो. तो वेळ पगाराने आधीच विकलेला आहे, आणि त्या संगणकातला मजकूर उद्या कुणाच्या हाती लागेल याचा नेम नसतो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की कादंबरी ही अशी घाईने पाडण्याची गोष्टच नाही. ती वर्षानुवर्षे मुरावी लागते. मुरावी लागते, यात वाद नाही. पण महिन्याअखेर हातात येतो तो मसुदा, पुस्तक नव्हे. एरिन मॉर्गनस्टर्नच्या 'द नाइट सर्कस'चे बीज अशाच नोव्हेंबरांत पडले आणि पुस्तक २०११ मध्ये आले ते बरेच पुनर्लेखन होऊन. सारा ग्रुएनच्या 'वॉटर फॉर एलिफंट्स'ची सुरुवातही या उपक्रमात झाली. इशिगुरोलाही चार आठवड्यांनंतर नीट लिहून काढायला आणखी काळ लागलाच. मुरवायला आधी काहीतरी भांड्यात असावे लागते. आणि मुदतीखाली लिहिणे हे परक्यांचे खूळ आहे असे मराठी वाचकाने तरी म्हणू नये. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'ची प्रकरणे १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात येत होती. हरिभाऊ तेव्हा आनंदाश्रमाची व्यवस्था बघत होते आणि साप्ताहिकही तेच चालवत होते. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाल्यापासून संपादकाच्या तगाद्याने लिहून झालेल्या मराठी साहित्याची मोजदाद करायला बसलो तर हा लेख संपणार नाही. श्री. ना. पेंडसे मुंबईच्या 'बेस्ट'मध्ये आणि जयवंत दळवी अमेरिकन माहिती सेवेत नोकरी करत लिहीत राहिले. नोकरी आणि मुदत, दोन्ही आपल्या कादंबरीच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. महिनाभर घर वेठीला धरण्यापेक्षा रोज २७० शब्द लिहिले तर पाच महिन्यांत तेवढेच ४०,००० होतात, मग ही धावपळ कशाला? काहींच्या बाबतीत हा आक्षेप बिनतोड आहे. घरात तान्हे मूल असेल, अंथरुणावर कुणी असेल, स्वतःचे दुखणे असेल, पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील, तर संथ चालच योग्य, आणि तिच्यात कमीपणा काही नाही. इतरांसाठी मात्र संथ चालीची एक किंमत आहे जी त्या साध्या भागाकारात दिसत नाही. रोज वीस-पंचवीस मिनिटेच बसणाऱ्याचा त्यातला बराच भाग काल कुठे होतो हे आठवण्यात जातो. दोन दिवस खंड पडला की पात्रांचे आवाज फिके होतात, आठवडाभर पडला की आपण परक्याचे लिखाण वाचतो आहोत असे वाटते. शिवाय पाच महिन्यांच्या वाटेत एक ऑडिट, दोन लग्ने, एक ताप आणि मुलांची परीक्षा हमखास येते. ट्रॉलपची सरासरी आठवड्याला चाळीस पानांची होती आणि त्याचे पान २५० शब्दांचे, म्हणजे आठवड्याला १०,०००; पण तोही कधी वीस पानांवर उतरे, कधी ११२ वर जाई. यातून घेण्यासारखे एवढेच की हिशेब आठवड्याचा ठेवावा. चार आठवड्यांत दहा-दहा हजार, आणि उरलेले दोन दिवस अडीअडचणीला राखीव. मंगळवारी साहेबांनी थांबवून ठेवले म्हणून बुधवारी दुप्पट लिहिण्याची शिक्षा स्वतःला देऊ नये. ती भरपाई रविवारी होते.

तिसरा आक्षेप लहरीचा. ठरल्या वेळी, घड्याळ लावून सुचत नाही, असे बरेच जण म्हणतात, आणि ट्रॉलपचे आत्मचरित्र १८८३ मध्ये निघाल्यावर त्याच्या घड्याळी लेखनाने काही रसिक नाराजही झाले. पण न सुचण्याची सोय असायला आधी मोकळा दिवस असावा लागतो. दुसऱ्याकडून मागून घेतलेला दीड तास हातात असताना माणूस वाईट का होईना, वाक्य लिहितो, आणि वाईट वाक्य पुढच्या महिन्यात सुधारता येते. हल्ली यावर यंत्राकडून मजकूर लिहून घेण्याचा तोडगा सुचवला जातो. त्याने शब्दसंख्या भरेल. पण ज्यासाठी घरच्यांनी तुमचे काम उचलले ते काम तुम्ही केलेलेच नाही, हे त्यांना सांगायची हिंमत असेल तरच तो वापरावा.

महिना संपला की मसुदा बंद करून ठेवावा आणि निदान चार आठवडे त्याला हात लावू नये. हा काळ परतफेडीचा आहे. ज्याने स्वयंपाक केला त्याला स्वयंपाकातून सुटी, जिने मुलांना झोपवले तिच्या रात्री मोकळ्या. हे काटेकोरपणे केलेत तर पुनर्लेखनासाठी पुन्हा वेळ मागता येईल, आणि तो लागणार आहेच. एका महिन्याच्या मसुद्याला तीन-चार महिन्यांचे पुनर्लेखन सहज लागते. म्हणून या आठवड्यात वही विकत घेऊ नका, नवे ॲपही डाउनलोड करू नका. घरातल्या माणसांबरोबर अर्धा तास बसा, पासष्ट तासांचा कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि कोण किती देऊ शकते ते विचारा. कुणीच काही देऊ शकत नसेल, तर या महिन्यात सुरुवात करू नका.